शांतारामची ओढ

मानपाड्यात सकाळी सहा वाजता जी माणसं पळताना दिसतात, त्यांतली निदान निम्मी व्यायाम करत नसतात. त्यांना ओढत नेलेलं असतं. पुढे कुत्रा, मध्ये ताणलेला पट्टा आणि पट्ट्याच्या मागच्या टोकाला एक गृहस्थ. उजवा हात डाव्यापेक्षा चार बोटं लांब झालेला, चेहऱ्यावर मात्र 'मीच याला फिरवतोय' असा भाव. समोरून दुसरा असाच गृहस्थ आला तर दोघांना थांबून बोलता येत नाही. एकाचं 'काय म्हणताय?' इथे होतं आणि दुसऱ्याचं 'मजेत!' उड्डाणपुलाखालून ऐकू येतं. शहाणे लोक स्कूटरवर बसतात आणि पट्टा हाताला गुंडाळतात. तिथे कोण कोणाला ओढतंय हे सांगता येत नाही, पण पेट्रोल कोणाचं जळतंय हे तरी नक्की असतं.

मानपाडा म्हणजे ठाण्याचा, घोडबंदर रोडवरचा. हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण आमच्या जिल्ह्यात मानपाडे दोन. दुसरा डोंबिवलीत, कल्याण-शीळ रस्त्यापाशी. दोन्हीकडे मेट्रोचं काम, दोन्हीकडे धूळ, दोन्हीकडे 'पुढच्या वर्षी सगळं सुरळीत होणार' असं सांगणारे बिल्डर. मी या मानपाड्यात राहतो, माझा मेहुणा त्या. मध्ये मुंब्रा बायपास आणि शीळफाटा पसरलेले असल्यामुळे नात्यातला गोडवा टिकून आहे.

शांताराम त्या मेहुण्यानेच दिला. 'दाजी, हस्की क्रॉस आहे,' तो म्हणाला. एक डोळा निळसर आणि शेपटीला वर झुपका, एवढ्यापुरता तो हस्की असेलही. बाकी सगळा डोंबिवली. दार पुरतं उघडायच्या आत उडी मारायची, गर्दीत कोपराने वाट काढायची आणि एकदा जागा मिळाली की उठायचं नाही, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

नाव आईने ठेवलं. नावाचा गुण लागतो, असं तिचं मत. आल्या आल्या त्याने सोफ्याचा एक कोपरा, गीझरचं वॉरंटी कार्ड, दिवाळी अंकातली राशिभविष्याची पानं आणि प्रत्येक जोडातली एकेक चप्पल खाल्ली. एकाच जोडातल्या दोन्ही त्याने कधी खाल्ल्या नाहीत. त्यात काही तत्त्व असावं.

मग ट्रेनर आणला. ट्रेनर म्हणजे काळा टीशर्ट, कमरेला खाऊची पिशवी आणि फी आगाऊ. त्याच्या हातात पट्टा असला की शांताराम त्याच्या डाव्या गुडघ्याला चिकटून चालायचा. माझ्या हातात आला की कोलशेतच्या खाडीकडे तोंड करून सुटायचा. निरोप घेताना ट्रेनर म्हणाला, 'सर, याच्यात एनर्जी आहे, आउटलेट नाही. याला काम द्या.'

'याच्याबद्दलही कॉलेजात हेच सांगितलं होतं,' आई माझ्याकडे बघून म्हणाली.

रिकामं बसलेलं कोणी आपल्या लोकांना बघवत नाही. बरणी रिकामी झाली की तिच्यात साबुदाणा भरतात, मूल सुट्टीत घरी बसलं की त्याला अबॅकसला घालतात, माणूस रिटायर झाला की त्याला सोसायटीच्या कमिटीवर घेतात. मग दोन वेळा अंडं-भात खाणारा धडधाकट कुत्रा नुसता खिडकीत बसून कबुतरांवर भुंकतो, हे कसं चालेल? त्या रात्री जेवताना शांतारामच्या करिअरची बैठक भरली. बायकोचं म्हणणं, त्याने खालून भाजीची पिशवी आणावी. आई म्हणाली, भाजी नको, माझी फुलं आणू दे. देवाचंच जनावर आहे, दत्ताच्या पायाशी चार असतात, खंडोबालाही चालतं. 'दत्ताची कुत्री सोफा खात होती का?' मी विचारलं. बैठक तहकूब झाली.

मार्ग काढला मुलीने. ती बारावीला आहे. म्हणजे अभ्यासक्रम सोडून जगातल्या कुठल्याही विषयात तिला रस आहे. 'बाबा,' ती म्हणाली, 'ओढणं ही त्याची खोड नाहीये. ते त्याचं क्वालिफिकेशन आहे.'

आणि तिने गोष्ट सांगितली. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात मुलांना घटसर्प झाला. औषध रेल्वेने नेनाना गावापर्यंत आलं. पुढे नुसता बर्फ. मग २० गाडेवान आणि सुमारे १५० कुत्र्यांनी ते औषध या हातातून त्या हातात देत ६७४ मैल, म्हणजे हजार किलोमीटरच्याही वर, साडेपाच दिवसांत पोचवलं. मी मनात भागाकार केला. ताशी साधारण आठ किलोमीटर पडतात. गायमुखच्या घाटात ट्रक बंद पडला असेल त्या संध्याकाळी हा वेग घोडबंदर रोडवर कोणाला सांगितला तर लोक म्हणतील, फेकताय.

शेवटचा टप्पा ज्याच्या गाडीने मारला त्या बाल्टो नावाच्या कुत्र्याचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उभा राहिला. सर्वांत लांबचा आणि सर्वांत जोखमीचा टप्पा ओढला होता टोगोने. त्याचं नाव पुढे कितीतरी वर्षं कोणाच्या तोंडी नव्हतं. टोगोबद्दल मला आतून काहीतरी वाटलं. आमच्या ऑफिसातही फाइल पहिल्या पानापासून मी तयार करतो आणि शेवटच्या दिवशी ती साहेबांच्या केबिनपर्यंत नेणारा निराळाच असतो. त्याचा अजून पुतळा नाही, पण प्रमोशन झालंय.

जिथे बर्फ नाही तिथले हौशी लोक हाच उद्योग कुत्रा सायकलला जुंपून करतात. त्याला बाइकजोरिंग म्हणतात. सायकलला नको असेल तर छोट्या गाडीला जुंपायचं. स्वित्झर्लंडमध्ये बर्नीज माउंटन डॉग दुधाच्या गाड्या ओढत. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या सैन्यातली कुत्री मशिनगनचे गाडे ओढत होती. 'आणि आपला?' मुलगी म्हणाली. आम्ही सगळ्यांनी शांतारामकडे बघितलं. तो फ्रिजखालून काहीतरी ओढून काढत होता. शकुन चांगला होता.

अडचण हवेची होती. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून, जीभ बाहेर काढूनच गार होतो. म्हणून या खेळातले जाणते लोक पारा १५ अंशांच्या वर गेला की जपायला लागतात आणि २० च्या पुढे बहुतेक जण कुत्रा जुंपतच नाहीत. या हिशेबाने ठाण्यात हा खेळ जानेवारीतल्या एखाद्या पहाटे, दूधवाला यायच्या आत उरकायला हवा. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक अस्सल हस्की आहे. त्याच्या पूर्वजांनी सैबेरियात गाडे ओढले. तो एसीत राहतो, लिफ्टने खाली येतो, पोर्चमधल्या मनी प्लांटच्या कुंडीवर कार्यभाग उरकतो आणि लिफ्टने वर जातो. 'याला ओढायला शिकवलंत का?' मी मालकाला विचारलं. तो म्हणाला, 'याच्या एसीचं बिल मी ओढतोय, तेवढं पुरे आहे.'

शिवाय रस्त्याची परीक्षा करावी लागते. हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवायची आणि पाच-सात सेकंद धरायची. आपल्याला चटका बसला तर कुत्र्याच्या पंजालाही बसणार. सोपं आहे. फक्त टिकुजी-नी-वाडीच्या रस्त्यावर माणसाने उकिडवं बसून डांबरावर हात टेकला की लोक थांबतात. एक रिक्षावाला थांबला. 'काका, काय पडलं?'

'काही नाही. रस्ता तापलाय का बघतोय.'

त्याने रिक्षा बंद केली, खाली उतरला, माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि त्यानेही हात टेकला. 'कोमट आहे,' तो गंभीरपणे म्हणाला. तोवर मागून दोन स्कूटर आणि एक टेम्पो थांबला होता. खाली गॅसची पाइपलाइन फुटली आहे अशी बातमी ढोकाळीपर्यंत गेली, ती मी पसरवलेली नाही.

डॉक्टरांकडेही जाऊन आलो. ते म्हणाले, हाडांची वाढ पुरी झाल्याशिवाय, म्हणजे साधारण दीड वर्षाचा होईपर्यंत, ओझं ओढायला लावायचं नाही. मेहुण्याला फोन करून जन्मतारीख विचारली. 'दाजी, तुम्ही आमच्याकडे आला होतात आणि लाइट गेली होती ना, त्याच्या थोडं आधी.' डोंबिवलीच्या माणसाला ही तारीख सांगून काय उपयोग? शेवटी डॉक्टरांनीच दात बघितले आणि दोन वर्षं पूर्ण असा निकाल दिला. दात दाखवायची शांतारामला मुळातच हौस.

मग हार्नेस मागवला. छातीवरून जाणारा, पाठीवर फुली पडणारा, मागे दोरी अडकवायला कडी. दोरीत मध्ये रबरी ताण, म्हणजे कुत्र्याने एकदम हिसका दिला तरी तो सायकलवाल्याच्या मणक्यापर्यंत पोचत नाही. पार्सल येणार त्या दिवशी फोन आला.

'सर, मी मानपाड्यात उभा आहे.'

'मीही मानपाड्यातच आहे.'

'मंदिरासमोर आहे सर. मानपाडेश्वर.'

'अहो, ते डोंबिवलीचं! मी ठाण्याच्या मानपाड्यात.'

'सर, पत्त्यात मानपाडा आहे, ठाणे जिल्हा आहे, मी दोन्हीत आहे. तुम्हीच कुठे दिसत नाही.'

युक्तिवादात खोट काढता येईना. पार्सल मेहुण्याने उतरवून घेतलं आणि रविवारी जातीने आणून दिलं. सोबत बायको, दोन मुलं आणि जेवायची भूक घेऊन. जेवताना त्याने माझी योजना ऐकली आणि त्याचे डोळे चमकले. 'गाडीचं माझ्यावर सोडा, दाजी. आपला एमआयडीसीत एक फॅब्रिकेशनवाला आहे.' मेहुण्याला या जगात सगळीकडे आपला एक माणूस असतो. गाडीकडे आपण नंतर येऊ. मी तर येणारच नव्हतो, पण तीच आली.

गळ्यात पट्टा म्हणजे ओढायचं नाही, अंगात हार्नेस म्हणजे ओढायचं: हा फरक कुत्र्याला लवकर कळतो असं जाणकार सांगतात. शांतारामला तो लगेच कळला. त्याने फक्त उलटा लावला. हार्नेस चढवताच हा प्राणी माझ्या डाव्या गुडघ्याला चिकटला. मी पुढे, तो शेजारी. मी थांबलो, तो बसला. ट्रेनरची सगळी फी त्या दिवशी वसूल झाली. संध्याकाळी साधा पट्टा घातला आणि त्याने मला मानपाड्याच्या सिग्नलवरून लाल दिव्यात पलीकडे नेलं.

पुस्तकी मार्ग असा, की आधी काहीतरी हलकं मागे बांधून ओढू द्यावं, म्हणजे मागून येणाऱ्या आवाजाची भीती जाते. त्यासाठी जुना टायर उत्तम. पंक्चरवाल्याकडे गेलो.

'गाडी कुठली?'

'गाडी नाही. कुत्रा आहे.'

त्याने माझ्याकडे बघितलं, शांतारामकडे बघितलं आणि एकही प्रश्न न विचारता स्कूटरचा टायर काढून दिला. घोडबंदर रोडवर धंदा करणाऱ्या माणसाला कशाचंच नवल उरत नाही.

सराव आमच्या पार्किंगमध्ये. आज्ञेवरून घरात एकमत नव्हतं. अलास्कात 'हाइक' म्हणतात म्हणून मुलगी 'हाइक' म्हणे. बायको 'चला, उशीर होतोय' म्हणे. त्या वाक्याने आमच्या घरात आजवर कोणीच हललेलं नाही. आईचं माहेर साताऱ्याकडचं, ती टाळूला जीभ लावून बैल हाकायचे आवाज काढी. शांताराम तिघींकडे आळीपाळीने आदराने बघे आणि टायरवर हनुवटी टेकून पडे. एवढ्यात गेटजवळ वॉचमनने चहाबरोबर खायला पार्ले-जीचा पुडा फोडला. कागद तिकडे कुरकुरला आणि इकडून टायर निघाला. त्या क्षणी टायरवर सेक्रेटरींचा नातू बसलेला होता. त्याला काही झालं नाही. उलट त्याने लगेच दुसरी फेरी मागितली, आणि संध्याकाळपर्यंत तीन विंगमधली पोरं टायरच्या मागे रांग लावून उभी होती. शांताराम ओढत होता! फक्त त्याची कळ बिस्किटाच्या कागदात होती.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. 'आवारात पशुचालित वाहन वापरण्यापूर्वी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी. पार्किंग स्टिकरसाठी वाहनाचा प्रकार कळवावा.' मी सेक्रेटरींना भेटलो. त्यांच्यापुढे खरा पेच होता: दुचाकीचं शुल्क वेगळं, चारचाकीचं वेगळं. 'पाय धरायचे की चाकं?' ते म्हणाले.

तळमजल्यावरचे काका मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा नियम असतो. या गोष्टीचाही निघाला: ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून १९६५ साली केलेले केंद्राचे नियम. काकांनी खुर्ची ओढून घेतली. 'यात तक्ता आहे. बैल, रेडा, घोडा, खेचर, तट्टू, उंट, कोणाला किती ओझं ते दिलंय. कुत्रा नाही. म्हणजे कुत्र्याला परवानगी नाही.'

'नाव नाही म्हणजे बंदीही नाही,' मी म्हणालो.

'लंडनमध्ये १८३९ च्या पोलीस कायद्याने कुत्र्यांच्या गाड्या बंद केल्या. १८५४ च्या कायद्याने इतरत्रही.'

'काका, बैलगाडा शर्यतीला सुप्रीम कोर्टाने २०२१ च्या डिसेंबरात परवानगी दिली. २०२३ मध्ये घटनापीठानेही शर्यतीचा कायदा उचलून धरला. मग कुत्र्यानेच काय घोडं मारलंय?'

काकांनी घोड्याचा तक्ता पुन्हा तपासला. मग त्यांनी पुढचा नियम वाचला. जनावराकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. मध्ये विश्रांती दिल्याशिवाय सलग पाच तासांवर नाही. आणि पारा जिथे ३७ च्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही. बायको चहा घेऊन आली होती, ती तशीच दारात थांबली. 'हे सगळं लिहिलेलं आहे?' तिने विचारलं. 'आणि मी तक्त्यात कशी काय बसत नाही?' ती सकाळी सव्वासातला घर सोडते आणि ठाणे स्टेशनवरून उभ्याने व्हीटीला जाते.

सायकलची फेरी मात्र कोणाच्या परवानगीने अडली नाही. पहाट, गार हवा, डांबर थंड (या वेळी एकट्याने तपासलं). सायकलच्या हँडलपुढे एक पीव्हीसी पाइप बांधलेला, दोरी खाली लोंबून चाकात जाऊ नये म्हणून. सायकलवर मी, हेल्मेट घालून. पुढे पन्नास पावलांवर मुलगी, हातात पार्ले-जीचा पुडा. मागे स्कूटरवर बायको, हातात मोबाइल. गॅलरीत आई, हातात माळ. म्हणजे एका कुत्र्याला काम मिळावं म्हणून घरातली चारही माणसं कामाला लागली होती. मुलीने कागद कुरकुरवला.

त्यानंतरचं जे काही होतं ते फार सुंदर होतं. शांताराम जमिनीला पोट लावून निघाला, दोरी ताठ झाली, सायकल पॅडल न मारता चालू लागली आणि वारा कानात शिरला. मी नोमला निघालो होतो. शांताराम टोगो होता, मी गाडेवान होतो, मागे बायको 'ब्रेक! ब्रेक!' म्हणून आनंदाने ओरडत होती.

नोमच्या वाटेवर ठरावीक अंतराने चौक्या होत्या, जिथे औषध पुढच्याच्या हाती द्यायचं. आमच्या वाटेवरही चौक्या निघाल्या. दर गल्लीच्या तोंडाशी त्या गल्लीची स्थायी कुत्री बसलेली असतात आणि परगल्लीच्या कुत्र्याला कागदपत्रं दाखवल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. पहिल्या गल्लीशी शांतारामने वास दिला, वास घेतला, खांबावर सही केली. दुसऱ्या गल्लीत अधिकारी मंडळी कडक होती. शांताराम थांबला. कुत्रा थांबला की सायकलही थांबते, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. रबरी ताणाने त्याला वाचवलं. मला वाचवायला काही नव्हतं. मी त्याच्या शेजारून, पाइपसकट, भाजीच्या हातगाडीकडे गेलो. भाजीवाला पहाटेच मांडामांड करत होता. कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारलेलं होतं, त्यामुळे उतरणं तसं मऊ झालं.

'साहेब,' तो शांतपणे म्हणाला, 'कोथिंबीरच पाहिजे होती तर फोन करायचा.'

बायकोने तेवढ्यात भाव विचारला. पडलेल्या जुड्या अर्ध्या किमतीत मिळाल्या, त्या दिवशी आमच्याकडे कोथिंबीर वडी झाली आणि शांतारामने घरासाठी भाजी आणावी ही तिची मूळ मागणी पूर्ण झाली.

आणि मग गाडी आली. मेहुण्याचा फॅब्रिकेशनवाला आयुष्यभर खिडक्यांची ग्रिल करत आलेला. त्याने गाडीही तशीच केली. चहूबाजूंनी जाळी, मधोमध सूर्याची नक्षी, पुढे कुंड्या ठेवायची फळी आणि खाली चार चाकं. नुसती रिकामी उचलायला दोन माणसं लागली. 'दाजी, शंभर वर्षं गंजणार नाही,' मेहुणा म्हणाला. शांतारामने तिला पूर्ण प्रदक्षिणा घातली, फळीखाली पाय वर केला आणि सावलीत जाऊन बसला. त्या गाडीबद्दल मला याहून जास्त काही म्हणायचं नाही. ती सध्या पार्किंगमध्ये आहे आणि तिचं चारचाकीचं शुल्क मी भरतो.

हे सगळं प्रकरण शेवटी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे गेलं. नोटिशीत लिहिलं होतं: 'पशुचालित वाहनाबाबत निर्णय घेणे. संबंधित सभासदाने पशूसह उपस्थित राहावे.' सभा पार्किंगमध्ये, गुळगुळीत लाद्यांवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. शांतारामला मी हार्नेस घालून, भांग पाडून नेला. बांधायला खांब नव्हता, म्हणून दोरी त्यातल्या त्यात भारदस्त वस्तूला अडकवली. ती म्हणजे सेक्रेटरींची खुर्ची. त्यांच्या वजनाबद्दल कमिटीत कधीच दुमत नव्हतं.

आधीचे विषय नेहमीचे. टँकरचं पाणी कोणाच्या टाकीत जास्त गेलं यावर पाऊण तास. गच्चीच्या गळतीवर त्याहून जास्त. गळतीचा विषय निघाला की आमच्याकडे प्रत्येक जण आपल्या छताचे फोटो दाखवतो. सेक्रेटरी हिशेब वाचत होते, एकेक व्हाउचर, एकेक पावती, खाली मान घालून. अडीच तास झाले होते. लोक घड्याळं बघत होते, कोणी उठत नव्हतं, कारण मागे टेबलावर सभेनंतरचा अल्पोपाहार मांडलेला होता आणि आधी उठणाऱ्याला तो मिळत नाही. शांताराम माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच नावाला जागून पडला होता.

सेक्रेटरींनी चष्मा सारखा केला. 'आता विद्युत देखभालीची तपशीलवार...' एवढ्यात टेबलाजवळ कोणीतरी वेफर्सची मोठी पिशवी फोडली.

मी 'नको' म्हणालो होतो, असं नंतर शेजारच्यांनी सांगितलं. खुर्ची आधी थोडी मागे झुकली आणि मग निघाली. सेक्रेटरी तिच्यात बसलेलेच होते, हातात विद्युत देखभालीचा कागद तसाच. खजिनदारांच्या अंगावरून नाही, अगदी शेजारून, बी विंगच्या सभासदांना उजवीकडे टाकून, महिला सभासदांच्या दोन रांगांमधून, एकालाही धक्का न लावता गाडी गेली आणि टेबलापाशी येऊन उभी राहिली. तळमजल्यावरचे काका उठून उभे राहिले होते. 'तक्त्यात एवढं वजन मोठ्या बैलालाही सांगितलेलं नाही,' ते म्हणाले, आणि मी त्यांना टाळ्या वाजवताना पहिल्यांदाच बघितलं.

सेक्रेटरींनी इकडेतिकडे बघितलं. समोर समोसे होते. त्यांनी एक घेतला. मग सगळेच उठले.

सभेचं इतिवृत्त नोटीस बोर्डावर लागलं, ते काकांनी लिहिलेलं होतं. त्यात म्हटलंय: 'विषय क्र. ५ वरील चर्चेदरम्यान मा. सचिव आसनासह अल्पोपाहाराकडे मार्गस्थ झाल्याने उर्वरित विषय वाचले असे समजण्यात आले व सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपली. सदर पशूस पुढील सर्व सभांना कायम निमंत्रित म्हणून बोलवावे, अशी सूचना आली. मा. सचिव वगळता सर्वांनी अनुमोदन दिले.'